फोटोपुरता जाळ

ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजात एम.ए., एम.एस्सी.च्या सगळ्यांना एका हॉलमध्ये कोंबून ‘शाश्वतता : आंतरविद्याशाखीय परिचय’ नावाचा विषय शिकवायचे. मी अर्थशास्त्राचा. शेजारी बसायची ती वनस्पतिशास्त्राची, आरमोरीकडच्या जंगलातल्या गावची. हा विषय शिकवणारे सर निसर्गाबद्दल बोलायला लागले की डोळे मिटून घ्यायचे. तेव्हापासूनच तो माणूस माझ्या डोक्यात जायचा.

मोहफुलांच्या हंगामात सर आम्हाला प्रकल्पासाठी तिच्याच गावी घेऊन गेले. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायचा, ही तिकडची जुनी रीत. त्यातूनच वणवे लागतात. सरांना प्रकल्पाच्या पोस्टरसाठी नेमका जाळतानाचाच फोटो हवा होता. पण गावाने ग्रामसभेत ठरवून जाळणं बंद केलेलं. कुठलं झाड कोणत्या घराने वेचायचं हेही तिथे ठरलेलं असतं. तिच्या आईच्या झाडाखाली जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर पहाटेची फिकट पिवळी फुलं पडली होती.

हे बघून कुणालाही बरं वाटलं असतं. सरांचं तोंड उतरलं.

“बाई, थोडासा जाळ करा ना. फोटोपुरता.”

“आता आम्ही जाळत नाई जी. गावानं बंद केलं.”

“अहो, तुमच्या पोरीचाच प्रकल्प आहे. मार्क मलाच द्यायचे आहेत.” सर हे हसत म्हणाले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

आईने लेकीकडे पाहिलं. लेक मान खाली घालून उभी. आईने पाला गोळा केला, काडी ओढली. “थोडं वाका,” सर म्हणाले आणि मोबाइल आडवा धरला. तेवढ्यात वाऱ्याने जाळ साड्यांवर गेला. आम्ही पळसाच्या फांद्यांनी झोडपून तो विझवला, पण फुलांचा कोळसा झाला. धूर पाहून गाव धावत आलं.

“सगळ्यांनी मिळून ठरवलं न? मंग तूच काऊन जाळून राह्यली?”

आई जळक्या साड्या गोळा करू लागली. सर जीपमध्ये बसून बुटांवरची राख पुसत होते.

पोस्टरवर तोच फोटो. वाकलेली बाई, हातात काडी, अर्धा चेहरा पदराआड. वर ठळक अक्षरांत ‘स्थानिक अज्ञान आणि वनहानी’. प्रदर्शनात ते समजावून सांगायचं काम सरांनी लेकीलाच दिलं. मी म्हटलं, “नाही म्हण. मीही तुझ्यासोबत प्रकल्पातून बाहेर पडतो.”

“तुले म्हणायले काय जाते? हे माझं शेवटचं वर्ष हाये. तू चूप राह्य.”

प्रदर्शनाला बाहेरचे पाहुणे आले. त्यांच्यातल्या एकाने पोस्टरसमोर थांबून फोटोवर बोट ठेवलं. “ही बाई कोण?”

सर तिच्याकडे बघत राहिले. ती ताठ उभी राहिली आणि स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाली, “एक स्थानिक महिला आहे, सर.”