तिसऱ्या बेसवरचा केतन

मोहोपाड्यात कुजबुज अशी होती, की केतनने फायनल विकली. कर्जतवाल्यांनी त्याला मोटारसायकल कबूल केली, म्हणून त्याने हातचा सामना घालवला. सांगणारा इकडेतिकडे बघून सांगायचा, आणि ऐकणारा पुढच्या टपरीवर त्यात हेल्मेटही घालून द्यायचा.

आता हा केतन कोण? रसायनीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, आणि रविवारचा बेसबॉलपटू. त्यातही कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा गडी. बसून बसून गुडघे धरतात, तेव्हा कॅचरने पळायचं नाव काढू नये. पण हा पठ्ठ्या बेस चोरण्यात पटाईत! बेस म्हणजे धावताना पाय टेकायचे थांबे; चारी पार केले की एक धाव. समोरच्याने चेंडू टाकायला हात उचलला, की हा पुढच्या बेसकडे सुटलाच. पोहोचल्यावर अंगावरची धूळ झटकायचा नाही; लोकांना दिसायला नको? घरी मर्दुमकी इतक्यांदा ऐकवायचा, की ‘दुसरा बेस’ म्हटलं की मांजरसुद्धा उठून बाहेर जायची.

अशा या वीराला मेघाशी लग्न करायचं होतं. तिचे वडील कोंडीराम, रिटायर फिटर. ते म्हणाले, “आधी मैदानात बघतो पोराला, मग बोलू.” बेसबॉल त्यांना तेवढाच ठाऊक, जेवढी केतनला नम्रता.

फायनल खालापुरात. तिसऱ्या बेसच्या बाजूला कोंडीराम खुर्ची टाकून बसलेले. शेवटचा डाव, मोहोपाडा एका धावेने मागे, दोन गडी बाद; तिसरा गेला की खेळ संपला. केतन दुसऱ्या बेसवर. फलंदाजीला पोपट, म्हणजे संघातला दांडगा हात.

“गप उभा ऱ्हा रं! पोपट फटका मारून आणतोय तुला!” कप्तान किशोर ओरडला.

पण होणारा सासरा बघतोय आणि हा उभा राहणार? सुटला. तिसरा बेस चोरला, टाळ्या पडल्या. आणि मग या शहाण्याने स्वतःहून बेसवरून पाय उचलला! बेस सोडलेल्याला चेंडू लावला की तो बाद, हे तिथल्या भेळवाल्यालाही माहीत. कर्जतच्या गड्याने हातातला चेंडू सावकाश त्याच्या पाठीला टेकवला. सामना खलास.

“विकल्याशिवाय असं कोण करतं?” किशोर म्हणाला. संध्याकाळपर्यंत मोटारसायकलचा रंगही ठरला.

केतन मात्र गप्प. लोकांनी विकाऊ म्हटलेलं चालेल, बावळट म्हटलेलं नको, एवढं त्याचं नाक वर.

कुजबुज कोंडीरामांपर्यंत गेलीच. “आज सामना विकला, उद्या पोरीचे दागिने विकंल,” ते म्हणाले. “नाय द्यायची.”

मेघाने केतनला एसटी स्टँडवर गाठलं. “बाबा नाय म्हणतायत. एरवी तोंड मिटत नाय, आता वाचा बसली का रं? खरं बोल, नायतर चालले मी.”

तेव्हा कुठे तो फुटला. मेघा आधी चिडली, मग हसत सुटली, आणि तसाच त्याला घरी नेऊन बापासमोर उभा केला. ऐकून कोंडीरामांनी चष्मा काढून पुसला.

“येडाच हाय गं ह्यो,” ते मेघाला म्हणाले. “चा टाक. आन् रविवारी त्याच्या आईबापाला बोलाव.”

कर्जतवाल्यांनी त्याला काहीच दिलं नव्हतं. त्याने बेस चोरल्यावर कोंडीराम खुर्चीतून “जय भीम, केतनराव” म्हणाले. केतन एक पाऊल पुढे आला, हात जोडून “जय भीम, मामा” म्हणाला, आणि बाद झाला.