सुलूच्या वाटणीची खरवड

शमुवेलदादांचा फोन सकाळी आला तेव्हा मी भाकरी थापत होते. "सुलू गेली," एवढंच म्हणाले. धक्का बसला असं म्हणणार नाही, ती जाणार हे ठाऊक होतं. राग आला. काही आठवडे झाले, तो अजून गेलेला नाही. चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंनी मला सुचवलंय की लिहिणार असाल तर चार चांगले, गोड शब्द लिहा. सुलू गोड नव्हती. हे लिहिणंही तसं होणार नाही.

सुलोचना माझी लहानपणापासूनची मैत्रीण. मंगळवार पेठेत दोन घरं सोडून राहायची. एकाच चर्चच्या रविवारच्या शाळेत आम्ही वाढलो, पुढे लग्नंही कोल्हापुरातच झाली. खाण्याच्या बाबतीत तिला काडीची लाज नव्हती. लग्नाच्या पंगतीत तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावून प्यायची आणि वाढप्याला हाक मारायची, "ओ पावणं, हिकडं कोण वाढणार?" नळी चोखून झाल्याशिवाय तिचं मटण संपायचं नाही, आणि नवरा, म्हणजे शमुवेलदादा, शेजारी बसून नुसते घाम पुसत राहायचे. आमच्या चर्चच्या तरुण संघाचा वर्षाचा उपास सुरू केला तो या बाईने. परक्या देशातल्या दुष्काळाची बातमी टीव्हीवर बघून तिने हातातलं ताट बाजूला सारलं, असं पाळकसाहेबांनी स्मरणार्थ उपासनेत सांगितलं. साफ खोटं. मी तिथे होते. ताट तिने चाटूनपुसून संपवलं, हात धुतला, आणि मग म्हणाली, "मालन, आपल्या पोरास्नी भूक म्हंजे काय ते ठावंच न्हाई. एक दिवस तरी कळू दे की."

त्या उपासाची रीत तिनेच घालून दिली. आधी पोरं गल्लोगल्ली हिंडून शब्द घेऊन यायची, की आम्ही एवढी जेवणं सोडली तर तुम्ही अन्नधान्यासाठी काय देणार. जे जमेल ते जिथे दुष्काळ पडलाय तिथे जायचं. शेजारपाजारचे चेष्टा करायचे. "आमच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी तरी असती, तुमच्यात त्ये बी न्हाई व्हय?" असं म्हणत देणगी मात्र द्यायचे. शनिवारी दुपारी जेवून पोरं चर्चच्या हॉलमध्ये बसायची, गाणी, प्रार्थना, थोडी भांडणं, आणि प्यायला फक्त पाणी. रविवारची उपासना संपली की उपास सुटायचा तो तांदळाच्या पातळ पेजेवर, वर चिमूटभर मीठ. एका वर्षी कुणीतरी बिर्याणी देऊ केली तर तिने सरळ सांगितलं, "रिकाम्या पोटावर बिर्याणी घालून पोरं दवाखान्यात न्यायची हायत व्हय?" सगळ्यांना वाढून झालं की ती हॉलमागच्या पायरीवर पातेलं पुढ्यात घेऊन बसायची आणि उलथन्याने तळाची करपलेली खरवड काढून खायची. ती तिची वाटणी. कुणी मागितली तरी द्यायची नाही.

आमच्यात आणखी एक रीत आहे, तिच्याबद्दल मला लिहायचंय. उपास मिरवायचा नाही, अशी आमची शिकवण. तोंड धुवावं, केस विंचरावेत, चारचौघांसारखं दिसावं. ज्याचा उपास त्याच्यात आणि देवात. त्यामुळे कुणी जेवत नसेल तर आम्ही विचारत नाही, अदबीने नजर वळवतो. गेल्या वर्षी पेज वाढून झाली आणि सुलूने पातेल्यात पाणी ओतलं. मी बघितलं. "अगं, खरवड?" म्हटलं, तर म्हणाली, "मी नंतर खातो. माझा उपास अजून चालूच हाय." मी गप्प बसले. पाळकसाहेबांनी ऐकलं, आणि पुढच्या रविवारी उपदेशात तिचं उदाहरण दिलं. पोरं एक दिवस उपाशी राहतात, ही बहीण पाहा, भुकेल्यांसाठी अजून उपासात आहे… हॉलभर टाळ्या. त्यानंतर तिच्यापुढे कुणी चहासोबत बिस्किटं ठेवेना. ती वाळत गेली आणि आम्ही म्हणालो, चेहऱ्यावर तेज आलंय. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला तेव्हा एकीने प्रेमाने शिवून दिला. घरी शमुवेलदादा तिच्या हातची भाकरी खात होते आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे भक्तिभावाने बघत होते.

ती मोरीत चक्कर येऊन पडली तेव्हा कुठे दवाखाना. अन्ननलिकेत गाठ होती, पार वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, "यांना जेवण कधीपासून जात नाही?" शमुवेलदादा म्हणाले, "उपास हाय तिचा." मी तिला एकटीला गाठून विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "पयल्यांदा भ्या वाटलं, म्हणून उपास म्हटलं. मग टाळ्याच पडल्या की. आता कुठं मोडू?" आणि थोड्या वेळाने, "कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं गं." तिने मला रस्सा करून आणायला लावला. गिळता येत नव्हताच. डब्याचं झाकण काढून नुसता वास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

आता चर्चमध्ये तिचा मोठा फोटो लागलाय, खाली लिहिलंय की भुकेल्यांसाठी तिने देह झिजवला. मला ते वाचवत नाही. तिने देह झिजवला नाही, ती भुकेने वाळली, आणि तीही अशा माणसांच्या घोळक्यात ज्यांनी दरवर्षी भुकेचा अभ्यास केला होता. समुद्रापलीकडची भूक आम्हाला दिसत होती, आणि शेजारच्या बाकावरच्या भुकेला आम्ही टाळ्या वाजवल्या.

मागच्या रविवारी यंदाचा उपास सुटला. पोरांनी नीट केला, त्यांच्यावर माझा राग नाही. पेज मी केली, तिच्याच पातेल्यात. शमुवेलदादा कोपऱ्यातल्या खुर्चीत वाटी धरून बसले होते, दोन घोट घेतलेले. मी शेवटच्या पोराला वाढून पळी ठेवली तशी त्यांनी मान वर केली.

"मालनताई, तुम्ही खाल्लं न्हाईसा. का ओ?"

एवढासा प्रश्न. वर्षभर त्या घरात, या हॉलमध्ये, आमच्यापैकी एकाच्याही तोंडून तो निघाला नव्हता, आणि आता निघाला तो धडधाकट बाईसाठी. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी वाटी खुर्चीखाली ठेवून दिली. मी पातेलं उचलून मागच्या पायरीवर नेलं, उलथनं घेतलं आणि तळ खरवडायला बसले. मला खरवड कधीच आवडली नाही, करपट लागते. पातेल्याचं बूड दिसेपर्यंत खात राहिले.