दहा लाख एक

आमच्या आत्याने कधी कुणावर हात उगारला नाही. तिला गरजच पडली नाही. ती भिवंडीतल्या एका शाळेत गणित शिकवायची. वर्गात शिरली की फळ्यावर लांबलचक संख्या लिहायची आणि विचारायची, ‘‘हिला कशाने भाग जातो?’’ उत्तर चुकलं की एवढंच म्हणायची, ‘‘बस खाली. तुझ्या आईने उगाच डबा भरला.’’ पोरं तिला भागाकारबाई म्हणायची. आई-वडील गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्यामुळे माझी शाळा घरीही सुटत नसे.

मी तापाने फणफणले की ती उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवायची. मधूनच विचारायची, ‘‘एक हजार एक?’’ मी पुटपुटायचे, ‘‘सात, अकरा, तेरा.’’ ‘‘म्हणजे शुद्धीवर आहेस,’’ म्हणून घडी बदलायची. अशी तिची माया.

मला बघायला येणाऱ्यांना ती शुक्रवारीच बोलवायची. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, गल्लीत खडखडाट नाही. ‘‘आकडा नीट ऐकू यायला हवा,’’ म्हणायची. पोह्यांची बशी संपायच्या आत कागद पुढे सरकवायची. त्यावर दहा लाख एक. ही मूळ संख्या आहे, की हिला कशाने भाग जातो? बँकेतल्या एकाने ‘‘मूळ असावी, अंदाजाने’’ म्हटलं. ‘‘अंदाजाने पोरगी देत नसतात,’’ आत्या म्हणाली. बिचारा चहाही न घेता उठला.

मग शेलार गावचा एक जण काकांना घेऊन आला. राहनाळच्या गोदामात सुपरवायझर होता. मला तो बघताक्षणी आवडला, आणि मेलं ते आत्याला लगेच कळलं. त्याने पेन मागून घेतलं आणि चहा निवला तरी भाग लावत बसला. सात, अकरा, तेरा करत सत्त्याण्णवपर्यंत आला. मी दाराशी देव पाण्यात घालून उभी. पुढची मूळ संख्या एकशे एक, आणि तिनेच भाग जातो, हे मला पाठ होतं. पण आत्याचे डोळे माझ्यावर होते. तोंड उघडायची माझी काय टाप!

त्याने पेन ठेवलं. ‘‘न्हाय बाई, कशानंच जात न्हाय. मूळच हाय ही.’’

आत्या त्याच्या काकांकडे वळली. ‘‘दाराशी येऊन मागे फिरणारा माणूस. उद्या हिलाही अर्ध्यात सोडेल. या तुम्ही.’’

पुढे अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर तो दिसला, बायकोसोबत, लेकीला खांद्यावर घेऊन. अर्ध्यात कुणाला सोडलेलं दिसलं नाही. आमच्या घराचं नाव मात्र असं झालं की नंतर कुणी फिरकलंच नाही. मी आत्याच्याच शाळेत गणित शिकवू लागले.

शेवटी आत्याची एक बाजू गेली, मग आठवण जायला लागली. एका शुक्रवारी पेज भरवताना मी विचारलं, ‘‘आत्या, दहा लाख एक?’’

‘‘मूळ,’’ ती म्हणाली. पूर्वीसारखीच ठाम. ‘‘कशाने भाग जात नाही तिला.’’

इतका राग मला तिचा आयुष्यात आला नव्हता, आणि इतकी दयाही.

‘‘बस खाली, आत्या,’’ मी म्हटलं. ‘‘तुझ्या आईने उगाच डबा भरला.’’ आणि पेजेचा पुढचा चमचा तिच्या तोंडाला लावला.