पडद्याआडची चैत्रगौर

विद्यापीठातून आलेल्या बाईंकडे प्रश्नांची छापील यादी होती, तेव्हाच मला त्यांचा संशय आला. विषय होता उत्सवांतील स्त्री-नेतृत्व. झाशीतली आमची मराठी घरं मोजकी, चैत्रगौरीचं हळदीकुंकू सगळ्यांचं मिळून एकच. त्यात नेतृत्व शोधायला कुणी टेपरेकॉर्डर घेऊन येतं, म्हणजे काहीतरी बिनसणार. मला दुभाषी म्हणून बसवलं होतं. तिथल्या प्रत्येकीचं हिंदी माझ्याहून बरं होतं.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई रेशमी साडीत टेपरेकॉर्डरसमोर बसल्या. माझी काकू आतल्या खोलीत, जाड पडद्याआड कैरीची डाळ वाटत होती. काका गेल्यापासून ती हळदीकुंकवाला बाहेर येत नसे. पण मखर कसं उभारायचं, डाळीत कैरी किती, बोलावणं कुणाला आधी, हे सगळं पडद्याआडून तीच ठरवी. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. उच्चार झाला असता, तर विधवेचा हात गौरीच्या कामात कसा, असं एखाद्या सासूबाईंनी विचारलंच असतं. मग काकूला तेवढंही उरलं नसतं.

"अंतिम निर्णय कौन लेता है?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा पडद्याकडे गेल्या. आत वरवंटा थांबला.

"हम सब मिलकर लेते हैं जी," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

बाईंना ते पटलं नसावं. त्या माझ्याकडे वळल्या. "आप बताइए, सच में?"

मी नुकतीच एम.ए. झाले होते. खरं बोलायची फार हौस होती. मी तोंड उघडलं.

"अगं ए," आतून काकू म्हणाली, "बोलत काय बसलीस? पन्हं दे त्यांना."

"हां जी, सब मिलकर," मी म्हणाले. वरवंटा पुन्हा सुरू झाला.

वर्षभराने पुस्तक आलं. मखराशेजारी उभ्या अध्यक्षीणबाईंचा फोटो, खाली 'उत्सव का नेतृत्व'. मी तणतणत ते काकूला दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"मखर डावीकडे कललंय," ती म्हणाली. "आतून दिसलंच नाही मला. यंदा पडद्याला विरळ कापड आण. माणिक चौकात मिळेल."