अक्काला द्यायच्या नाहीत

रशीदभाऊंच्या मुलाचा, सलीमचा फोन आला तेव्हा मळ्यात केळीची गाडी भरणं चालू होतं. मोबाइलवर नाव बघितलं आणि कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तीन वर्षांचा राग, तो काय असा दोन घंट्यांनी उतरतो? तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ट्रकवाला म्हणाला, "अक्का, घ्या की. अर्जंट असेल काही." घेतला. "अक्का, अब्बा गेले... सकाळीच." रावेरहून जळगावला पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. दारात चपलांचा ढीग पडला होता, आणि मी त्या ढिगापाशीच उभी राहिले. आत जायचं तोंडच नव्हतं मला.

रशीदभाऊ बंदुका दुरुस्त करायचे. जळगावात जुन्या बाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं लायसनवालं दुकान. मूळचे धुळ्याचे, त्यामुळे अहिराणी अशी बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस लळिंगच्या किल्ल्याखालीच नांगर सोडून आलाय. माझे वडील गेले आणि त्यांची रायफल माझ्या नावावर झाली. भावकीतले लोक हसले. बाई माणूस आणि रायफल! पण शिकारीची हौस कोणाला होती? शिकार बंद होऊन जमाना झाला. सातपुड्यातून रानडुकरं उतरायची, एका फेरीत दोनशे खोडं आडवी करायची. वनखात्याचं परवानगीपत्र हातात होतं, रायफल होती, गोळ्या मात्र नव्हत्या. म्हणून दुसऱ्या एका दुकानातून तीनशे पंधराच्या गोळ्यांचा डबा घेतला आणि रायफल तपासायला रशीदभाऊंकडे गेले.

त्यांनी डबा बघितला, रायफल बघितली, मग माझ्याकडे बघितलं. आमच्या भागात रायफल म्हटली की तीनशे पंधरा बोअर, सगळ्यांकडे त्याच मापाची. वडिलांची मात्र तीनशे अठरा. कुठल्या साहेबाने विलायतेहून आणलेली, हातोहात आमच्या घरी आलेली. मी म्हटलं, तिनाचा तर फरक आहे, चालवून घ्या. तर म्हणाले, "अक्का, जोडा एक नंबर मोठा चालस. गोळी नही चालत." आणि माझा डबा त्याच दुकानात परत करायला लावला. पहिल्याच भेटीत खडसावणारा माणूस! मला तेव्हाच आवडले ते.

तीनशे अठराच्या गोळ्या बाजारात मिळत नाहीत. त्या मिळायच्या एकाच वाटेने. कोणी जुना लायसनवाला वारला की घरचे लोक कपाटातलं सगळं घेऊन रशीदभाऊंकडे जमा करायला यायचे, आणि त्या ढिगात वर्षा-दोन वर्षांनी कधी दोन, कधी तीन माझ्या बोअरच्या निघायच्या. मग फोन. "अक्का, दोन उन्यात. ली जा." मी आनंदाने जायची, आणि ते मला आधी बसवून सांगायचे की या कोणाच्या. शिरपूरकडच्या एका जंगल ठेकेदाराच्या, चोपड्याच्या एका डॉक्टरच्या. "मेलेल्या माणसाची चीज शे, नाव माहीत पाहिजे," म्हणायचे. रिकामं काडतूस मात्र परत आणून द्यायचं, ही त्यांची अट. ते डोळ्याला भिंग लावून काडतुसाच्या बुडाची टोपी बघायचे. घोडा नीट पडतो की नाही, रायफलीची तब्येत कशी आहे, सगळं त्या एवढ्याशा खड्ड्यात त्यांना दिसायचं.

आणि ईदला शीरखुर्म्याचा डबा. पितळी कडीचा, झाकणावर त्यांच्या बायकोचं, भाभींचं नाव कोरलेला. सलीम एसटीने घेऊन यायचा. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. मी केळ्याचे वेफर्स भरून पाठवायची. रशीदभाऊंना बीपी, म्हणून त्यांच्यापुरते मीठ कमी घातलेले. पंधरा वर्षं तो डबा रावेर-जळगाव करत होता.

मध्ये एकदा अपघात झाला. त्यांनीच दिलेली गोळी होती. पहाटे केळीच्या कडेला डुक्कर समोर, मी चाप ओढला तर नुसतं टक्... काहीच नाही. फुसकी निघाली म्हणून ती बाहेर काढायला मी बोल्टला हात घातला, आणि तेवढ्यात काडतूस पेटलं; टोपी खराब, म्हणून उशिरा. पितळेची कपची भुवईवर बसली. डोळा बोटभर अंतराने वाचला. मी पट्टी बांधून दुकानात गेले आणि हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "मी दिधी ना तुले... मी दिधी," एवढंच बोलत राहिले. मला वाटलं, म्हातारं उगाच मनाला लावून घेतंय.

आता भांडण सांगते. तीन वर्षांपूर्वी डुकरांनी नव्या लावणीचा अख्खा तुकडा उलथला. त्याच सुमारास कळलं की धुळ्याच्या एका घरातून रशीदभाऊंकडे तीनशे अठराच्या चांगल्या दहा गोळ्या आल्यात. दहा! मी फोनची वाटच बघितली नाही, तडक दुकानात. ते म्हणाले, "नही शेतस, अक्का." आणि बोलता बोलता हळूच खण लोटला. मी बघितलं ना! खणात डबी होती. माझं डोकं फिरलं. पुण्या-मुंबईचे शौकीन अशा जुन्या गोळ्या शोभेला घेतात, हे मला माहीत होतं; सौदा ठरलेला असणार. चार गिऱ्हाइकांसमोर मी ओरडले, "विकल्यास ना? मेलेल्यांची नावं सांगायचास मला, आणि विकल्यास!" पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना 'तू' म्हटलं. ते खाली मान घालून भिंग पुसत बसले.

त्या ईदला डबा आला. मी उघडलासुद्धा नाही. तसाच भरलेला, सलीमच्या हातात परत दिला. पोरगं उन्हातान्हातून आलं होतं, त्याला पाणीही विचारलं नाही. नंतर कधी डबा आला नाही.

चाळिसाव्याला मी पुन्हा गेले. जेवणं झाल्यावर सलीमने मला दुकानात नेलं, खण उघडला आणि ती डबी समोर ठेवली. आत दहा गोळ्या, प्रत्येकीच्या बुडाला लाल रंगाची फुली. वर चिठ्ठी, भाऊंच्या वाकड्या अक्षरातली: 'तीनशे अठरा. टोपी खराब. अक्काला द्यायच्या नाहीत. रागावली तरी.'

"मग सांगायचं ना मला!" मी सलीमवरच ओरडले. "खराब आहेत म्हणून सांगायचं ना!"

सलीम म्हणाला, "मी पण तेच म्हटलं होतं. अब्बा म्हणाले, खराब सांगितलं तर अक्का म्हणेल, दे एखादी, बघते चालवून. तिचा डोळा जाईल. नाही म्हटलं तर नुसती रागावेल."

नुसती रागावेल... खरं होतं हो. माझ्या स्वभावाचं माप त्यांनी बरोबर घेतलं होतं. मी म्हटलंच असतं, दे एखादी. त्या स्टुलावर बसून मी हमसून हमसून रडले. माझा डोळा राखायला त्या माणसाने माझं तोंड तीन वर्षं बघितलं नाही, आणि मी त्याच्या मरणाचा फोन कापत होते.

निघताना भाभींनी डबा हातात दिला. तोच, पितळी कडीचा. "ते कोणाला वापरू देत नव्हते. अक्काचा आहे म्हणायचे." त्यात जर्दा होता, गोड भात. या वेळी मी थांबले नाही. तिथेच ओट्यावर बसून झाकण उघडलं आणि हाताने खाल्ला, रडत रडत, सगळ्यांदेखत.

त्या दहा गोळ्या सलीम पोलिसांकडे जमा करणार आहे. माझी रायफलही मी ठाण्यात देऊन आले. आता डुकरांसाठी तारेचं कुंपण केलंय. डबा मात्र घासून फळीवर ठेवलाय, आणि तो रिकामा परत द्यायचा नाही. म्हणून काल हिरवी केळी उतरवून वेफर्स तळायला घेतले. पहिला घाणा निघाला, एक तोंडात टाकून बघितला तर अळणी. सवयीने मीठ कमी पडलं होतं. भाभींना नाही चालत तसे, सलीमलाही नाही.

मी तसेच भरले.