होडीवरचं नाव

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — ती गेली तेव्हासुद्धा नाही. मी दुसरी शिकलेला माणूस, लिहायला वेळ लागतोय. लागू दे.

आमच्या बंदरावरच्या गल्लीत ऑर्केस्ट्रा बार होते. नगरपालिकेने उठवले. फरशी घातली, भिंती पांढऱ्या केल्या — पर्यटक येणार, घाण नको. मग मुंबईची एक चित्रकार मुलगी आली. म्हणाली, त्याच चौकात जुनी होडी उभी करू. इथे गायल्या-नाचल्या त्या बायांची खरी नावं तिच्यावर रंगवू, संध्याकाळी बारचेच लाल-निळे दिवे लावू. पुसलं काय ते दिसू दे.

सभा भरली. मी कोळीवाड्यातला सगळ्यात जुना तांडेल. मागून कुणीतरी ओरडलं, "तांडेल, तुमची चंद्रकला वाळूत सडतेय, ती द्या की!"

चंद्रकला माझी होडी. आमच्यात होडीला आईचं नाव देतात, नाहीतर देवीचं. मी आजीचं म्हणून सांगितलं होतं. माझी आजी कुणी पाहिलेली? बायको दर नारळी पुनवेला त्या नावाला हळदकुंकू लावायची.

नाव कुणाचं होतं — सांगतो. शेवटच्या बाकावर, बारच्या बायांमध्ये बसली होती ती. म्हसळ्याकडची. बारमध्ये सगळे तिला रोझी म्हणत. खरं नाव तिने मला एकट्याला सांगितलं होतं. आता ते त्या मुलीच्या हातातल्या कागदावर होतं, आणि मुलगी कागद वाचायला उभी राहिली.

मुलीने तोंड उघडायच्या आधी मी उठलो. "होडी म्हणजे आमची आई. तिच्यावर बारवालीचं नाव? मी जिता असेपर्यंत न्हाय!"

टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता शेवटच्या बाकावरून ती बोलणार. बोलायला नको होतं का तिने?

बोलली. "बरोबर हाय तांडेलांचं. माझं नाव खोडा, बाय."

मग बाकीच्याही तेच म्हणाल्या. मुलीने कागदाची घडी घातली. होडीचा विषय तिथेच संपला. मी ताठ मानेने बाहेर पडलो, लोकांनी वाट करून दिली.

घरी गेलो नाही. सरळ वाळूत गेलो आणि होडीवरचं नाव खरवडून काढलं. कुणी विचारलं तर सांगतो, खाऱ्या वाऱ्याने गेलं.