पलीकडच्या मांडवातले भाऊजी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, यांच्याइतका फुटबॉलवर जीव टाकणारा माणूस नर्मदेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि त्यांच्याइतका वाईट फुटबॉल खेळणाराही झाला नाही. आयुष्यात एकदाच त्यांनी भर मैदानात चेंडूला लाथ मारली. चेंडू जागेवर राहिला आणि चप्पल गोलमध्ये गेली. त्या दिवशी त्यांनी ठरवून टाकलं की खेळायचं काम दुसऱ्यांनी करायचं, आपण बघायचं. पण बघणं म्हणजे तुमच्या-माझ्यासारखं बघणं नव्हे हो! बसल्या जागेवरून ते अख्खी मॅच खेळत, आणि त्यांचे पाय समोर बसलेल्याच्या पाठीत चालत. जबलपूरच्या रांझी वस्तीतल्या जुन्या मंडळींना हे ठाऊक होतं, त्यामुळे त्यांच्या पुढची जागा नेहमी रिकामी असे. मी शाळेत मास्तरीण म्हणून नागपूरहून नवीन आले, ताईकडे राहायला लागले, आणि पहिल्याच रविवारी मोठ्या कौतुकाने नेमकी त्या जागेवर जाऊन बसले. हाफटाइमपर्यंत माझ्या पाठीत तीन कॉर्नर आणि एक फ्री किक बसली होती. वर म्हणतात कसे, "माफ करा हं साळीबाई, पण पास तुमच्याकडूनच येऊन राहिला होता!"

तसे ते आमच्या घरात आले तेच मुळी फुटबॉल घेऊन. नागपूरला लग्न आणि जबलपूरला त्यांच्या लष्करी सामानाच्या सरकारी फॅक्टरीच्या टीमची मॅच, दोन्ही एकाच दिवशी. मंगलाष्टकं चालू असताना तार आली. त्या काळी तार म्हटली की माणसांचे हातपाय गळत. बाबांनी ती उघडली, तर आत फक्त 'तीन-एक'. बाबांनी ती काकांना दाखवली, काकांनी मामांना. वरपक्षाची ही काहीतरी मागणी असणार असं समजून मामा बाह्या सरसावून पुढे निघाले, तेवढ्यात अंतरपाटामागून नवरदेवाचा आवाज आला, "कोणाचे तीन?" ताई अजून म्हणते, "माझ्याकडे पाहून हसायच्या आधी हे तारेकडे पाहून हसले."

टीम जिंकली की भाऊजी भेटेल त्याला गळामिठी घालत, त्यात एकदा पोस्टमन गुदमरला होता. हरली की घरात चक्क सुतक. अंगणात सायकलच्या कॅरियरवर बसून राहायचं, आत यायचं नाही, वरणाला फोडणी नको, रेडिओ नको. ताई ताट बाहेर नेऊन द्यायची आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची. एकदा तिनं विचारलं, "अहो, मी गेले तरी एवढं कराल का?" भाऊजींनी प्रामाणिकपणे विचार केला. तिथंच चुकलं बिचाऱ्यांचं! विचार करायची गोष्ट होती का ती? पुढचे चार दिवस ताईनं सुतक पाळलं.

या टीममध्ये त्यांचा खरा जीव होता गोलकीपरवर. तो त्यांच्याच मशीनशॉपमधला, शेजारच्या लेथवर काम करणारा, कटनीकडचा उंच, लाजाळू गडी. तो त्यांना बाबूजी म्हणायचा, आणि त्यांना मूलबाळ नसल्यामुळे त्या हाकेनं ते कसे विरघळायचे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ताईच्या सोवळ्या स्वयंपाकघरातून ते त्याच्यासाठी चोरून अंडी उकडून न्यायचे, आणि ताई चोरून न पाहिल्यासारखं करायची. त्या पोरात एकच कमी होती. डाव्या हाताला खालून चेंडू आला की त्याचं अंग जमिनीवर जायला पळभर उशीर करायचं. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक. मग जेवणाच्या सुट्टीत शॉपच्या मागे भाऊजी मशीन पुसायच्या चिंध्यांचे घट्ट गोळे बांधत आणि त्याच्या डाव्या अंगाला फेकत राहत. पंधरा मिनिटं रोज, वर्षानुवर्षं. दोघेही तेलानं माखून कामावर परतायचे. घरी आल्यावर ताई कपडे बघून ओरडायची आणि भाऊजी म्हणायचे, "आज दहातले सहा अडवले त्यानं!"

मग एकाहत्तरची लढाई आली. बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या, घरोघरी काचांना काळे कागद लागले, टूर्नामेंट बंद झाली. "देशासाठी तेवढं सोसू," भाऊजी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. पण त्यांना वेगळंच सोसावं लागणार होतं. टेकडीपलीकडच्या नव्या फॅक्टरीला अनुभवी माणसं हवी होती. भाऊजींच्या हातात चार्जमनच्या, म्हणजे कामगारांवरच्या साहेबाच्या, बढतीची ऑर्डर पडली. ताईला आनंदाने रडू आलं, कारण नव्या क्वार्टरात नळ घराच्या आत होता. भाऊजींना रडू आलं ते वेगळ्या कारणानं. नव्या फॅक्टरीची टीम म्हणजे आमच्या टीमची सख्खी वैरी!

लढाईच्या दिवसांत नाही म्हणायची सोय नव्हती, आणि नाही म्हणणाऱ्यातले ते नव्हतेही. पण त्यांनी काय करावं? रीतसर अर्ज लिहिला. 'नवीन जागी पूर्ण निष्ठेने काम करीन, मात्र फुटबॉलपुरती निष्ठा पूर्वीच्या जागी ठेवण्याची परवानगी मिळावी.' खाली सही, कामगाराचा तिकीट नंबर, सगळं! ऑफिसातल्या बाबूंनी तो दोनदा वाचला आणि हात जोडले. "भाईसाहब, इसका तो कोई फॉर्म ही नहीं है."

लढाई संपली, आणि पुढच्या हिवाळ्यात टूर्नामेंट पुन्हा सुरू झाली. फायनलला नेमक्या याच दोन टीम आल्या. नव्या शॉपमधली पोरं भाऊजींभोवती गोळा झाली. त्यांना एकच हवं होतं. "साहब, आप तो उसको बरसों से जानते हो. उनका गोलकीपर किधर कच्चा है?" भाऊजी म्हणाले, "किधर भी नहीं." पोरं हसली, त्यांनी चहा पाजला, पुन्हा विचारलं. दोन दिवस भाऊजींचं जेवणात लक्ष नव्हतं. ताई चिडली. "काहून एवढा जीव जाळून राहिले? खेळच तर आहे!"

"खेळच असता तर सांगून टाकलं नसतं का?" भाऊजी म्हणाले.

फायनलच्या दिवशी चार्जमन म्हणून त्यांना नव्या फॅक्टरीच्या मांडवात पहिल्या रांगेत बसावं लागलं. मी आणि ताई मागे. त्या दिवशी प्रथमच त्यांचे पाय हलले नाहीत. दोन्ही गुडघे हातांनी धरून ते बसले होते. एक-एक गोल झाला, आणि शेवटी शेवटी नव्या टीमला पेनल्टी मिळाली. सगळा मांडव भाऊजींकडे बघायला लागला. आणि समोर, गोलमध्ये उभा असलेला तो, चेंडूकडे न बघता यांच्याकडेच बघत होता. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. ज्या माणसानं बायकोकडे बघायच्या आधी तारेकडे बघितलं, त्यानं पेनल्टी बघितली नाही!

चेंडू गोलकीपरच्या डावीकडून आत गेला.

मग भलतंच झालं. पोरांना वाटलं, साहेबांनी मारणाऱ्याच्या कानात गुपचूप सांगितलं असणार. "साहब ने बताया! साहब ने बताया!" करत त्यांनी भाऊजींना खांद्यावर उचललं आणि मैदानभर नाचवलं. भाऊजी ढसाढसा रडत होते, आणि लोक म्हणत होते, बघा, आनंदानं रडून राहिले. त्या खांद्यांवरून त्यांना दिसलं की गोलकीपर खाली बसलाय आणि मान वर करून यांच्याकडे बघतोय. मग तो उठला आणि पाठ फिरवून गेला.

तो परत आमच्याकडे आला नाही. मी म्हणायचे, "भाऊजी, जाऊन सांगा ना एकदा." ते म्हणायचे, "मला त्यांच्या खांद्यावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय त्यानं. मी काय सांगू?" फुटबॉल त्यांनी सोडून दिला. मैदानावरून ओरडा ऐकू आला की घरात येऊन खिडकी लावून घ्यायचे. सात वर्षं गेली अशी.

दम्यानं ते अंथरुणाला खिळले तेव्हा एका दुपारी दारात तो उभा! केस विरळ झालेले, हातात केळी. भाऊजी धडपडत उठून बसले आणि 'ये' म्हणायच्या आधी त्यांच्या तोंडून निघालं, "मैंने नहीं बताया था, बेटा."

"मालूम है, बाबूजी," तो म्हणाला. "बताया होता तो वो नीचे मारता. उसने ऊपर मारी थी."

 भाऊजींनी त्या दिवशी डोळे मिटले होते ना, त्यांना चेंडू खालून गेला की वरून, हे ठाऊकच नव्हतं.

"तर मग आला काहून नाही रे तू?" मराठीतच ओरडले ते.

तो खाली बघत म्हणाला, "शरम आती थी. इतने बरस आपने सिखाया, और एक ही दिन काम का था. मुझसे रुकी नहीं."

ताई पदर तोंडाला लावून आत गेली. मला त्या दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. सात वर्षं! दोन मैलांवर राहून! भाऊजींनी त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि दम लागेपर्यंत एकच वाक्य म्हणत राहिले, "ऊपर की तो कोई नहीं रोकता, बेटा, कोई नहीं रोकता." मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. पण फार दिवस नाही, कारण त्याच हिवाळ्यात भाऊजी गेले.

मला फुटबॉलमधलं आजही काही कळत नाही. पण जाता-येता कुठं मैदानावर मॅच चालू दिसली, की ती संपेपर्यंत मी थांबते. जिंकलेल्यांकडे बघायला सगळी दुनिया असते. मी गोलमधल्या, हरलेल्या त्या पोराकडे बघते, आणि त्याच्याजवळ कोणीतरी जाऊन बसल्याशिवाय माझा पाय तिथून निघत नाही.